नोंदीबाहेरचे नैराश्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००१ ते २००३ या काळात मिशिगन विद्यापीठातील समाजमानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांच्या मानसिक आरोग्याची देशव्यापी पाहणी झाली, आणि तिच्या निष्कर्षांनी अभ्यासकांपुढे एक कोडे ठेवले. आयुष्यात केव्हा ना केव्हा तीव्र नैराश्याचा आजार होऊन गेलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांमध्ये १७.९ टक्के, तर आफ्रिकी-अमेरिकनांमध्ये १०.४ टक्के आढळले. मात्र हा आजार एकदा जडला की तो दीर्घकाळ मुक्काम ठोकून राहण्याचे प्रमाण गोऱ्यांमध्ये ३८.६ टक्के आणि आफ्रिकी-अमेरिकनांमध्ये सुमारे ५६ टक्के होते, आणि या आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांपर्यंत कोणताही उपचार पोचलेला नव्हता. तीव्र नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. किमान दोन आठवडे मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, अंगातले त्राण जाणे, स्वतःविषयी तिटकारा वाटणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे एकत्र येऊन रोजचे जगणे अडू लागले, की वैद्यकशास्त्र त्याला आजार मानते. वरील आकडे स्त्री-पुरुषांचे मिळून असले तरी या आजाराचा अधिक वाटा अन्यत्र असतो तसा येथेही स्त्रियांच्या पदरी आहे. ज्या समाजाने अधिक सोसले त्याच्यात आजार कमी का दिसावा आणि दिसला तर इतका चिवट का असावा, या प्रश्नाचे उत्तर पाहणीच्या तक्त्यांपेक्षा इतिहासात शोधावे लागते. कृष्णवर्णीय स्त्रीला दुःख होतच नाही असे सांगणारे शास्त्र आणि दुःख झाले तरी ते दाखवायचे नाही असे शिकवणारे जगणे, या दोहोंच्या मध्ये तिचे नैराश्य दीर्घकाळ नोंदीबाहेर राहिले.

गुलामगिरीच्या काळात या स्त्रीच्या मनावर पडलेला सर्वांत क्रूर भार कायद्याने निर्माण केलेला होता. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये असा नियम केला, की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. बाप कोण याला महत्त्व नाही. मालकाने गुलाम स्त्रीवर केलेल्या बलात्कारातून जन्मलेले मूलही या नियमाने मालकाची मालमत्ता ठरू लागले आणि स्त्रीचे गर्भाशय हेच संपत्तीवाढीचे साधन बनले. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी आल्यावर या साधनाची किंमत आणखी वाढली, कारण दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांना लागणारे हात आता देशातच जन्माला यावे लागत होते. अमेरिकी यादवी युद्धापूर्वीच्या सात दशकांत सुमारे दहा लाख गुलाम व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून विकून वा हलवून खोल दक्षिणेत नेले गेले, आणि या व्यापारात आईपासून मूल तोडणे हा अपवाद नव्हता, नित्याचा व्यवहार होता. जी मुले विकली गेली नाहीत त्यांतलीही जवळपास निम्मी पाच वर्षांची होण्याआधी दगावत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गरोदरपणी अखेरपर्यंत मळ्यात राबणे आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा कामावर जाणे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

या अनुभवाची मनावरची खूण सांगणारे साधन फार थोडे उरले आहे, आणि जे उरले त्यावरही विश्वास ठेवला गेला नाही. उत्तर कॅरोलिनातील ईडन्टन गावात हॅरिएट जेकब्स ही स्त्री मालकाच्या छळापासून वाचण्यासाठी आजीच्या घराच्या छपराखालील, उभेही राहता येणार नाही अशा सांदीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिली आणि फटीतून स्वतःची मुले खेळताना पाहत राहिली. १८६१ मध्ये तिने टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात शरीर आखडून जाण्याबरोबरच मन खचत जाण्याचेही वर्णन आहे. परंतु हे पुस्तक कोणा गोऱ्या लेखिकेने रचलेली कादंबरी असावी असा समज विसाव्या शतकात रूढ झाला, आणि जीन फेगन येलिन या संशोधिकेने पत्रव्यवहार व कागदपत्रे धुंडाळून १९८० च्या दशकात ते जेकब्स हिचेच असल्याचे सिद्ध करीपर्यंत तो टिकला. सोसणारीने स्वतः लिहून ठेवलेली साक्षही शतकभर साक्ष म्हणून धरली गेली नाही, मग जिला लिहिता येत नव्हते तिची कथा काय असेल?

त्या काळच्या वैद्यकाने या मौनात भरच घातली. १८४० च्या जनगणनेत प्रथमच वेड्या आणि मतिमंद व्यक्तींची मोजणी झाली आणि तिच्यातून असे चित्र निघाले, की उत्तरेतील स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आहे. मेन राज्यात तर दर १४ कृष्णवर्णीयांमागे एक वेडा असल्याचे दिसत होते. स्वातंत्र्य या लोकांना मानवत नाही, गुलामगिरीच त्यांचे डोके ठिकाणावर ठेवते, असा निष्कर्ष गुलामगिरीच्या समर्थकांनी काढला आणि परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८४४ मध्ये हेच आकडे राजनैतिक पत्रव्यवहारात पुढे केले. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर एडवर्ड जार्व्हिस यांनी तक्ते तपासले तेव्हा, ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता तेथेही कृष्णवर्णीय वेडे नोंदलेले सापडले, आणि वुस्टर गावी तर सरकारी इस्पितळातील १३३ गोरे रुग्ण चुकीच्या रकान्यात गेलेले होते. अमेरिकेत प्रवेश न मिळाल्याने ग्लासगोला जाऊन १८३७ मध्ये वैद्यकीय पदवी घेतलेले पहिले आफ्रिकी-अमेरिकी डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथ यांनीही या आकड्यांची चिरफाड केली, पण जनगणना अधिकृतपणे दुरुस्त झाली नाही. चुकीचा आकडा एकदा सोयीचा ठरला की तो किती काळ जगतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

लुइझियानातील डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट यांनी १८५१ मध्ये याच विचाराला रोगनिदानाचे रूप दिले. गुलामाला पळून जाण्याची इच्छा होणे हा त्यांच्या मते ‘ड्रॅपेटोमेनिया’ नावाचा मनोविकार होता आणि वेळीच दिलेला चाबकाचा मार हा त्यावरचा प्रतिबंधक उपाय होता. पळण्याला रोगाचे नाव मिळाले. मूल विकले गेल्यावर अन्न सोडणाऱ्या आईच्या अवस्थेसाठी मात्र या शास्त्राने नाव शोधले नाही, कारण कृष्णवर्णीयांची नाती उथळ असतात आणि त्यांचा शोक क्षणिक असतो असे त्याने आधीच ठरवून टाकले होते. शारीरिक वेदनेबाबतही हीच समजूत होती. अलाबामातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने १८४५ ते १८४९ या काळात, बाळंतपणात मूत्राशय फाटून सतत गळती लागलेल्या गुलाम स्त्रियांवर भुलीवाचून शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतील तिघींचीच नावे इतिहासाला ठाऊक आहेत, आणि एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. सिम्स यांना आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हटले गेले आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ त्यांचा पुतळा उभा राहिला, तो २०१८ मध्ये हलवण्यात आला. कृष्णवर्णीय स्त्री वेदना वाढवून सांगते किंवा तिला ती कमी जाणवते, हा समज पुतळ्याइतक्या सहजी हललेला नाही.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा तेथील गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षे झाली होती. पण मुक्तीनंतर त्या माणसांच्या मनांची व्यवस्था कशी लावली जात होती, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला कळण्याचा मार्ग नव्हता. व्हर्जिनियाने १८६९-७० मध्ये रिचमंडजवळ केवळ कृष्णवर्णीयांसाठी वेड्यांचे इस्पितळ काढले, ते देशातील अशा प्रकारचे पहिले होते आणि १८८५ मध्ये ते पीटर्सबर्गला गेले. उत्तर कॅरोलिनाने गोल्ड्सबरो येथे, पुढे मेरीलँडने क्राउन्सव्हिल येथे तशीच वेगळी इस्पितळे उभारली. काम हाच उपचार, हे तत्त्व तेव्हा सर्वच वेड्यांच्या इस्पितळांत मान्य होते, पण येथे त्याचा अर्थ रुग्णांनीच शेत कसावे, धुणी धुवावीत, शिवण करावे आणि संस्था स्वस्तात चालवावी असा झाला. क्राउन्सव्हिलच्या इमारतींसाठीचे रान १९११ मध्ये रुग्णांनीच तोडले. गोल्ड्सबरोचे अधीक्षक जे. एफ. मिलर यांनी १८९६ मध्ये, मुक्तीमुळेच कृष्णवर्णीयांत वेड वाढले असे प्रतिपादन केले. खिन्नता, शोक आणि अपराधभावना ही प्रगत मनाची लक्षणे मानली जात असल्याने दक्षिणेतील डॉक्टरांनी कृष्णवर्णीय रुग्णांना उन्मादाचे निदान सढळ हाताने दिले आणि विषण्णतेचे हात आखडून. १९२१ मध्येही अमेरिकी मनोरोगशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात, दक्षिणेतील कृष्णवर्णीय निश्चिंत वृत्तीचे असल्याने त्यांच्यात विषण्णता क्वचितच दिसते, असे एका डॉक्टराने लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही दुःखगाण्याची ध्वनिमुद्रिका निघाली होती आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतून तिची तडाखेबंद विक्री झाली होती. डॉक्टरांना न सापडलेली खिन्नता दुकानात विकत मिळत होती.

मुक्तीनंतर या स्त्रियांना जे जगणे लाभले त्याचे केंद्र परक्या घराची चूल आणि धुण्याची टाकी हे होते. दक्षिणेच्या शहरांत मजुरी करणाऱ्या जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय स्त्रिया घरकाम करीत, आणि १९४० मध्येही देशभरातील कामकरी कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के घरकामगार होत्या. मालकाच्या घरी राहून काम करायचे तर दिवस-रात्रीचा भेद उरत नसे, स्वतःची मुले आठवड्यातून एखाद्या वेळी दिसत, आणि घरातील पुरुषांच्या हातून होणाऱ्या बळजबरीला दाद मागायची सोय नसे. म्हणूनच अनेकींनी अधिक कष्टाचे, पण स्वतःच्या अंगणात करता येणारे धुण्याचे काम पत्करले. अटलांटा शहरात जुलै १८८१ मध्ये अशा धुणेवाल्या स्त्रियांनी एक संघ काढून दरवाढीसाठी संप केला. सुरुवातीला वीस जणी होत्या, तीन आठवड्यांत संख्या तीन हजारांवर गेली, आणि नगरपालिकेने २५ डॉलरच्या परवान्याची धमकी देताच, परवाना भरू पण मग दर आम्हीच ठरवू, असे त्यांनी महापौरांना कळवले. या स्त्रियांना केवळ पीडित म्हणून पाहणाऱ्या इतिहासाला हा संप अडचणीचा वाटतो आणि म्हणून तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तथापि संघटनेचे बळ कायद्यापुढे तोकडे पडले. महामंदीच्या काळात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कृष्णवर्णीय स्त्रिया कागदी पिशवीत कामाचे कपडे घेऊन पहाटेपासून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत आणि गृहिणी येऊन काही सेंटांच्या दराने त्यांना दिवसापुरते निवडून नेत. एला बेकर आणि मार्व्हेल कुक या दोघींनी ‘द क्रायसिस’ या मासिकात १९३५ मध्ये या प्रकाराला गुलामांचा बाजार असे स्पष्ट नाव देऊन त्याचे वर्णन छापले. त्याच वर्षी अमेरिकेने वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा सामाजिक सुरक्षा कायदा केला आणि त्यातून शेतमजुरांना व घरकामगारांना वगळले. संघटनेचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या आणि किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यांतही घरकामगारांना स्थान मिळाले नाही. निवृत्तिवेतनाची कक्षा १९५० मध्ये नियमित घरकामगारांपर्यंत आली, किमान वेतन मात्र १९७४ मध्ये. म्हणजे १९०० च्या सुमारास जन्मलेली घरकामगार स्त्री आपल्या कामाच्या आयुष्याचा मोठा भाग कायद्याच्या बाहेर काढत होती, आणि गुडघे व कंबर गेल्यावर तिच्या हाती मुलांच्या आधाराखेरीज फारसे काही उरत नव्हते. नैराश्याच्या कारणांत गरिबीचा उल्लेख नेहमी होतो. ही गरिबी कायद्याच्या कलमाने जपलेली होती, हे तितक्या वेळा सांगितले जात नाही.

या परिस्थितीत मन सांभाळण्याची जी रीत घडली तिला इतिहासकार डार्लीन क्लार्क हाइन यांनी १९८९ मध्ये ‘कल्चर ऑफ डिसेम्ब्लन्स’ असे नाव दिले. बलात्काराचा आणि तो होण्याच्या भीतीचा सतत सामना करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी बाहेरून मोकळेपणाचा आव ठेवला आणि आतले जग मालकांपासून, आणि बऱ्याचदा स्वतःच्या पुरुषांपासूनही, झाकून ठेवले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही ढाल होती आणि तिने अनेकींना तारले. पण ढाल खाली ठेवायची जागाच नसेल तर तिचेही ओझे होते. १८९६ मध्ये मेरी चर्च टेरेल यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय महासंघाने बालवाड्या, वृद्धाश्रम आणि इस्पितळे उभारली, मात्र समाजाची प्रतिष्ठा स्त्रीच्या निष्कलंक वागणुकीवर टांगलेली असल्याने तेथेही खचलेपणाला वाव नव्हता. गोऱ्या समाजाच्या डोळ्यांपुढे तर तिचे एकच सोयीचे रूप होते: परक्या लेकरांना जीव लावणारी, कधी न थकणारी, सदा हसतमुख ‘मॅमी’. तिचे राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभारण्याच्या प्रस्तावाला १९२३ मध्ये अमेरिकी सिनेटने मंजुरीही दिली होती. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांनी आणि वृत्तपत्रांनी केलेल्या निषेधानंतर तो प्रतिनिधिगृहात बारगळला.

दुःख उघड बोलण्याच्या दोन जागा त्यांनी स्वतः निर्माण केल्या होत्या, एक चर्च आणि दुसरी ब्लूज ही दुःखगाण्यांची परंपरा. रविवारच्या प्रार्थनेत मोठ्याने रडणे, हाक देणे, अंगात आल्यासारखे डोलणे यांना मान्यता होती आणि शेजारी बसलेल्या बायका अशा स्त्रीला हाताने सावरून धरत. मा रेनी आणि बेसी स्मिथ या ब्लूज गायिकांच्या गाण्यांत नवऱ्याची मारहाण, पूर, दारू, एकटेपणा असे विषय आडपडदा न ठेवता आले. मात्र चर्चने आधारही दिला आणि धाकही, कारण श्रद्धा पुरी असेल तर मन खचणार नाही या शिकवणुकीमुळे खचलेल्या स्त्रीला आपल्या भक्तीतच खोट आहे असे वाटू लागे. ही शिकवण आजही अनेक ठिकाणी ऐकू येते.

दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय गेले. या महास्थलांतराने लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने घेतलेल्या बळींच्या, दहशतीपासून काही अंतर दिले, पण आजी, मावशी, शेजारीण यांचे जाळे मागे राहिले. हार्लेममध्ये सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात १९४६ मध्ये मनोरोगतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थाम यांनी कादंबरीकार रिचर्ड राइट यांच्या पाठिंब्याने लाफार्ग क्लिनिक सुरू केले. तेथे स्वयंसेवक डॉक्टर संध्याकाळी बसत आणि भेटीचे शुल्क २५ सेंट होते. त्याच वर्षी आणि त्याच भागात, बाहुल्यांच्या साहाय्याने वर्णभेदाचा बालमनावरील परिणाम तपासणाऱ्या मेमी फिप्स क्लार्क यांनी पती केनेथ यांच्यासह मुलांसाठी नॉर्थसाइड सेंटर काढले. लाफार्ग क्लिनिक १९५८ मध्ये बंद पडले. तेवढ्या काळात त्याने दाखवून दिले, की उपचार परवडेल अशा दरात आणि आपल्या वस्तीत मिळाला तर लोक येतात; त्यांना मानसोपचाराचे वावडे आहे ही तक्रार मुळात दाराच्या जागेविषयी होती.

नागरी हक्कांच्या लढ्याने कायदे बदलले, पण कृष्णवर्णीय स्त्रीवरचा आरोप नव्या भाषेत परत आला. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांच्या १९६५ च्या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबाच्या दुरवस्थेचे मूळ गुलामगिरीत व पुरुषांच्या बेकारीत पाहिले खरे, परंतु घर चालवणाऱ्या आईच्या वर्चस्वालाही विकृतीचे लक्षण ठरवले. म्हणजे ती कोसळली तर दुबळी, उभी राहिली तर पुरुषाचे खच्चीकरण करणारी. गरीब मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीलाही अशीच अट जोडलेली होती: घरात पुरुषाचा वावर आढळला तर अनेक राज्ये मदत तोडत आणि त्याची खातरजमा करायला अधिकारी मध्यरात्री दार ठोठावत. अलाबामातील अशा नियमाला सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्दबातल ठरवले. शरीरावरचा ताबाही पुरता हाती आला नव्हता. मिसिसिपीतील मळ्यावर राबणाऱ्या आणि पुढे मताधिकाराच्या चळवळीत गाजलेल्या फॅनी लू हेमर यांचे गर्भाशय १९६१ मध्ये गाठीच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने त्यांना न विचारता काढून टाकले गेले. त्या भागात हा प्रकार इतका सर्रास होता की लोक त्याला ‘मिसिसिपी अपेंडेक्टमी’ म्हणत. माँटगोमेरीत १९७३ मध्ये रेल्फ कुटुंबातील १४ आणि १२ वर्षांच्या दोन बहिणींची सरकारी अनुदानावर चालणाऱ्या केंद्रामार्फत नसबंदी झाल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांच्या निरक्षर आईने संमतिपत्रावर फुलीची खूण केलेली होती. अशा अनुभवानंतर डॉक्टरांविषयी अविश्वास वाटणे याला उपचाराला विरोध म्हणणे अन्यायाचे आहे. ती शिकून घेतलेली सावधगिरी होती.

कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नैराश्याचा इतिहास खऱ्या अर्थाने त्यांच्या स्वतःच्या तोंडून सुरू झाला तो १९७० च्या दशकाअखेरीस. मिशेल वॉलेस यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात ‘सुपरवुमन’ ही प्रतिमा मिथक असल्याचे म्हटले तेव्हा समाजातूनच त्यांच्यावर कडाडून टीका झाली. बायली एव्हरी यांचा मार्ग निराळा होता. फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे स्त्रियांचे आरोग्य केंद्र चालवण्याचा अनुभव असलेल्या एव्हरी यांना सरकारी आरोग्य पाहणीत आढळले, की १८ ते २५ वयाच्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्वतःला तीव्र मानसिक त्रासात असल्याचे सांगत आहेत आणि त्या त्रासाची पातळी निदान झालेल्या मनोरुग्णांपेक्षाही जास्त आहे. तक्त्यात ही गोष्ट होती, पण तिच्याकडे कोणी बोट दाखवलेले नव्हते. जून १९८३ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावरील पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. सुमारे दोन हजार स्त्रिया आल्या, त्यांत आज्या होत्या, नाती होत्या, सरकारी मदतीवर जगणाऱ्या आया होत्या आणि प्राध्यापिकाही. रक्तदाब आणि मधुमेहाची चर्चा ठरलेली होतीच, परंतु लिली ॲलन यांनी घेतलेल्या, कृष्णवर्णीय आणि स्त्री असण्याचे वास्तव काय या प्रश्नावरील कार्यशाळेत बायका कुटुंबातील लैंगिक अत्याचार, मारहाण आणि एकटेपणा यांविषयी बोलू लागल्या, आणि बऱ्याच जणी हे आयुष्यात प्रथमच उच्चारत होत्या. यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संघटनेने देशभर छोटे स्वमदत गट काढले. या गटांत तज्ज्ञ नसे, औषध नसे. आठ-दहा बायका एकत्र बसत आणि प्रत्येकीला अडवणूक न होता बोलू दिले जाई. आरोग्यसंस्थांच्या हिशेबात हा उपचार धरला जात नव्हता, तरी झाकून ठेवण्याच्या दोन शतकांच्या सवयीवर नेमका घाव घालणारा तो पहिला संघटित प्रयत्न होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शरीर आणि मन यांचा सांधा जुळवणारे संशोधन याच सुमारास पुढे आले. लोकस्वास्थ्याच्या अभ्यासक आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडले, की गोऱ्या स्त्रियांची मुले आई विशीच्या मध्यावर असताना अधिक सुदृढ जन्मतात, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत वय वाढत जाईल तशी मुलांची जगण्याची शक्यता खालावते, याचा अर्थ त्यांचे शरीर विशीतच झिजू लागलेले असते. सततच्या ताणामुळे कॉर्टिसोलसारखी संप्रेरके वारंवार स्रवत राहिली की रक्तदाब, साखर, चरबी आणि दाह यांचा तोल कायमचा ढळतो. या साचलेल्या भाराला शास्त्रज्ञ ‘ॲलोस्टॅटिक लोड’ म्हणतात. जेरोनिमस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की हा भार कृष्णवर्णीय स्त्रियांत सर्वाधिक आहे, आणि खाऊनपिऊन सुखी कृष्णवर्णीयांतही तो गरीब गोऱ्यांपेक्षा जास्त आढळण्याचा संभव असतो. तेव्हा केवळ गरिबी हे उत्तर पुरे पडत नाही. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स यांनी डेट्रॉइटमधील अभ्यासातून १९९७ मध्ये तयार केलेली प्रश्नावली याच ठिकाणी उपयोगी पडते. तिच्यात लिंचिंग किंवा नोकरीवरून हकालपट्टी यांसारखे मोठे प्रसंग नसून, दुकानात कमी अगत्य मिळणे, आपल्याला कमी अक्कल आहे असे गृहीत धरले जाणे, लोक आपल्याला घाबरल्यासारखे वागणे अशा रोजच्या किरकोळ अपमानांची विचारणा असते, आणि नैराश्याच्या लक्षणांशी या अपमानांचा संबंध पुढील अनेक अभ्यासांत आढळला.

आजारांची साखळी उलट बाजूनेही चालते. मधुमेह, उच्च रक्तदाब, गर्भाशयातील गाठी म्हणजे फायब्रॉइड, आणि स्वतःचीच प्रतिकारशक्ती अवयवांवर उलटणारा ल्युपस हे विकार आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांत अधिक प्रमाणात किंवा कमी वयात होतात. सतत दुखणे, रक्तस्राव आणि थकवा यांनी मन खचते, आणि खचलेल्या मनाने औषधपाणी व आहार सांभाळणे कठीण जाते. जॅक्सन यांनी सुरुवातीच्या कोड्याचे एक उत्तर येथेच शोधले. गोडधोड आणि तेलकट खाणे, सिगारेट, दारू यांनी मेंदूतील ताणाची यंत्रणा तात्पुरती शमते, त्यामुळे वंचित वस्त्यांतील माणसे मन वाचवतात पण त्याची किंमत शरीर मोजते, असे त्यांचे म्हणणे होते. कल्पना मोहक आहे, परंतु पुढील चाचण्यांत तिला सरळ दुजोरा मिळाला नाही. अधिक पटणारे स्पष्टीकरण मोजपट्टीकडे बोट दाखवते. तुरुंगातील आणि बेघर माणसे घरोघरच्या पाहणीत येत नाहीत, हे एक. दुसरे असे, की नैराश्याच्या प्रश्नावल्या खिन्नता आणि रडू यांविषयी आधी विचारतात, तर चेरिल वुड्स-जिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये मांडलेल्या अभ्यासातील स्त्रिया भावना दाबणे, मदत नाकारणे आणि स्वतःआधी इतरांचे करणे ही आपली जबाबदारीच मानत होत्या. अशी स्त्री डॉक्टरकडे गेलीच तर डोके दुखते, झोप लागत नाही, चिडचिड होते असे सांगते, आणि बहुधा रक्तदाबाची गोळी घेऊन घरी परतते.

या सगळ्याचा कस आज सर्वांत स्पष्टपणे बाळंतपणाच्या वेळी लागतो. २०२१ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या मातांचे प्रमाण २६.६ होते. न्यू जर्सी राज्याने २००६ मध्ये प्रत्येक बाळंतिणीची नैराश्यासाठी चाचणी करण्याचा कायदा केला, पण त्याच सुमारास तेथील गरिबांच्या सरकारी विमा योजनेतील, म्हणजे मेडिकेडमधील, मातांच्या नोंदी तपासल्या असता प्रसूतीनंतर मानसिक उपचार सुरू करणाऱ्या गोऱ्या स्त्रिया ९ टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रिया केवळ ४ टक्के निघाल्या. चाचणी सक्तीची झाली तरी पुढची भेट, रजा, मुलाला सांभाळणारे कोणी आणि भाषा-वर्ण ओळखीचा असलेला तज्ज्ञ यांची सोय त्या कायद्यात नव्हती; अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०१५ मध्येही जेमतेम ४ टक्के होते. शिवाय बाळंतपणानंतरचे नैराश्य वर्षभरात केव्हाही डोके वर काढू शकते, तर मेडिकेडचे गरोदरपणासाठीचे छत्र प्रसूतीनंतर ६० दिवसांनी मिटत असे. ते १२ महिन्यांपर्यंत वाढवण्याची मुभा संघ सरकारने २०२१ च्या कायद्याने राज्यांना दिली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. फॅनी लू हेमर यांच्या मिसिसिपीत विधिमंडळातील दीर्घ ओढाताणीनंतर राज्यपालांची सही मार्च २०२३ मध्ये झाली.